बुधवारची खरवड

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी बुधवारी सुट्टी घेतात. "मावशी, सगळं जग रविवारी सुट्टी घेतं, तुम्हीच कशा बुधवारच्या?" असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. त्यांचा हिशेब बिनतोड निघाला. रविवारी बाकीच्या पोळीवाल्या बायका दांडी मारतात, त्यामुळे बदलीची दोन-तीन घरं मिळतात आणि त्याचे पैसे हातात पडतात. बुधवारी सहसा कुणाकडे पाहुणे नसतात, म्हणून बुधवार. मी मुकाट मान डोलावली. नोकरी करणाऱ्या बाईनं दुसऱ्या नोकरी करणाऱ्या बाईच्या सुट्टीवर वाद घालू नये, एवढं मला कळतं.

तर बुधवारच्या पोळ्या माझ्याकडे.

मी डोंबिवलीत राहते आणि फोर्टात नोकरी करते. गाडी मनासारखी मिळाली तर साडेसातला घरात. घरात आम्ही पाच जण: सासूबाई, नवरा, दहावीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि मी. पाच माणसांना चौदा पोळ्या. मुलगी क्लासवरून उपाशी आली तर सोळा. कणीक आधी तिंबून ठेवलेली असली तरी लाटणं, घडी घालणं, भाजणं यात अर्धा तास जातोच.

अर्ध्या तासाचं मला काही वाटत नाही. पोळ्या लाटायला मला आवडतात, हात चालू असले की डोकं रिकामं राहतं. मला राग आहे तो जेवायच्या क्रमाचा. गरम पोळी ही आपल्याकडची मोठी चैन आहे आणि ती चैन एकाच माणसाच्या पायांवर उभी असते. तो माणूस तव्यापाशी. बाकीचे पाटावर, आता टेबलावर. तव्यावरची पोळी थेट ताटात, वर तुपाचं बोट. आतून एकाच दमात दोन वाक्यं येतात: "तूही बस ना आता," आणि "अर्धी आण गं अजून." मी बसते तेव्हा बाकीच्यांची ताटं वाळलेली असतात, भाजीच्या पातेल्यात तळाला चार फोडी असतात, आणि माझ्या वाट्याला पहिली लाटलेली पोळी येते, जी तवा नीट तापलेला नसल्यानं कडक झालेली असते. माझ्या आईचं असंच होतं, आजीचंही. सासूबाईंना तर यात तक्रार करण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. "शेवटी बसलं की निवांत जेवता येतं," असं त्या म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण निवांत आणि एकटं यांत फरक असतो.

पास्ता आमच्या घरात आला तो लेडीज डब्यातून. आमच्या डब्यात बायका मटार सोलतात, मेथी निवडतात, भिशीचे पैसे मोजतात आणि एकमेकींच्या वाढदिवसाला स्टीलचे डबे उघडतात. ठाण्याला उतरणाऱ्या एका मैत्रिणीनं असाच एकदा वड्या पाडलेला बेक्ड पास्ता आणला होता. गार झालेला, तरी ढोकळ्यासारखा उभा राहणारा. वरचा थर तपकिरी, आत लाल-पांढरं. मी विचारलं, "आठवड्याच्या मधल्या वारी हे कधी केलंस?" ती म्हणाली, "मी कुठे केलं? ओव्हननं केलं. मी टीव्ही बघत होते."

हे वाक्य माझ्या डोक्यात ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत वाजत राहिलं.

आमच्याकडे अठ्ठावीस लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, होता. दिवाळीच्या बोनसमध्ये घेतलेला. वर्षातून दोनदा केक आणि एकदा नानकटाई, एरवी त्याच्या डोक्यावर पापडाचा डबा. पुढच्याच बुधवारी मी त्याला कामाला लावलं आणि सपशेल आपटले. एका पातेल्यात पास्ता उकळत होता, दुसऱ्या गॅसवर व्हाइट सॉस, तिसऱ्यावर टोमॅटो. चाळणी, मिक्सर, किसणी, काचेचं भांडं, सगळं ओट्यावर पसरलेलं. पावणेदहाला भांडं ओव्हनमधून बाहेर आलं तेव्हा मुलगा सोफ्यावर झोपला होता. आणि मग मी ते रसरशीत तापलेलं काचेचं भांडं ओट्यावर ठेवलं. ओटा नुकताच पुसलेला. ओला.

आवाज फार मोठा झाला नाही. बर्फाच्या ट्रेमधून खडे निघतात तसा कटकट आवाज, आणि भांड्याच्या मधोमध एक रेघ धावत गेली. मग ते शांतपणे दोन भागांत विलग झालं आणि तीनशे ग्रॅम पास्ता, अर्धा लिटरहून जास्त दूध, चीज, माझे दोन तास असं सगळं ओट्यावर वाहिलं. काचेचे बारीक कण असणार म्हणून एक घासही वाचवता आला नाही. त्या रात्री आम्ही मुगाची खिचडी खाल्ली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या पापड भाजायला लागल्या, आणि न बोलता पापड भाजणारी सासू ही बोलणाऱ्या सासूपेक्षा जड जाते. तेव्हापासून ओव्हनमधून निघालेलं भांडं लाकडी पोळपाटावरच उतरतं. बुधवारी पोळपाट मोकळाच असतो.

यात मला कळलं ते इतकंच की बेक्ड पास्ता ही मुळात कामाच्या वाराची गोष्टच नाही. इटलीत तो रविवारचा, सणाचा, पाहुण्यांचा. सिसिलीत पालेर्मोकडे बांगड्यांसारख्या छोट्या कड्यांचा, अनेल्लेत्तींचा, भाजलेला पास्ता करतात आणि पंधरा ऑगस्टला, त्यांच्या फेर्रागोस्तोच्या सुट्टीला, डबे भरून समुद्रावर घेऊन जातात. आपण त्या दिवशी झेंडावंदन करून जिलेबी आणतो. म्हणजे मुद्दा असा की हा पदार्थ आदल्या दिवशी करून ठेवण्याचा आहे, पोळीसारखा तव्यावरून ताटात जाणारा नाही. तो वाट बघतो. त्याला वाट बघू दिली की तो बुधवारीही जमतो. प्रश्न फक्त त्या तीन पातेल्यांचा होता.

तो प्रश्न सासूबाईंनी सोडवला, आणि तोही पास्त्याबद्दल जराही आपुलकी नसताना. मी एका बुधवारी पाणी उकळायची वाट बघत उभी होते. चार लिटर पाण्याला आधण यायला किती वेळ लागतो हे दमलेल्या माणसाला विचारावं. त्या मागून आल्या, पाकिटातली एक पेन्ने, म्हणजे पास्त्याची छोटी नळी, उचलून दातानं कुरतडून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हे वाळवणातलंच आहे ना? मग भिजत का नाही घालत? साबुदाणा काय आपण उकळून घेतो?"

मी हसले, मग हसायची थांबले. कारण त्यांचं बरोबर होतं. पास्ता उकळताना एकाच वेळी दोन गोष्टी होतात: पाणी आत शिरतं आणि आतला स्टार्च शिजतो. पाणी शिरायला उष्णता लागत नाही, नुसता वेळ लागतो. गार पाण्यात दोन तास ठेवली की पेन्ने पांढुरकी पडते, वाकवली तर मोडत नाही, चावली तर कच्ची लागते. शिजायचं काम मग सॉसमध्ये, ओव्हनमध्ये. साबुदाण्याचं हेच, मटकीचं हेच, शाबूवड्याचं तर सगळं यश भिजवण्यातच असतं.

आता बुधवारी पाचच्या सुमाराला सासूबाई पास्ता भिजत घालतात. भरपूर पाणी, मीठ अजिबात नाही. सात वाजता रोळीत उपसून ठेवतात. मी गाडीतून फोन करते, "आई, घातला का?" आणि त्या दर वेळी म्हणतात, "घातला तुझा साबुदाणा." एकदा त्यांनी दुपारी जेवण झाल्याबरोबर घातला होता, त्याची खीर झाली. उरलेले सगळे बुधवार बरोबर.

वाळवण हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. पण त्यांचं माहेर वाईकडचं, आणि वाळवण म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर चैत्र-वैशाखातलं अंगण येतं. पाटावरच्या शेवया. पाट तिरका लावायचा, तिंबलेल्या रव्या-कणकेची लड त्यावर तळहातानं वळत खाली सोडायची, दुसरीनं ती अलगद झेलून काठीवर टाकायची. काठ्या खाटेला आडव्या. दोघींच्या हाताची लय चुकली की शेवई तुटायची. आणि लग्नघर असलं की शेवयांखेरीज ती सगळी बारीक मंडळी: गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, नखानं दाबलेल्या नखुल्या, मालत्या, बोटवे, फणीवर दाबून रेघा उमटवलेल्या फणुल्या. रुखवतात ताटं भरून मांडायच्या आणि पुढे खीर करायची.

एका बुधवारी ओव्हन चालू असताना मुलीनं मोबाइलवर आजीला दाखवलं. इटलीतल्या एमिलिया-रोमान्या भागातल्या बायका लाकडी फणीवर पिठाचा चौकोन गुंडाळून रेघांच्या नळ्या करतात, त्यांना गार्गानेल्ली म्हणतात. दक्षिण इटलीतल्या बारी शहरातल्या बायका दारात टेबल मांडून अंगठ्यानं दाबत छोटे कान करतात, ओरेक्किएत्ते. सासूबाईंनी चष्मा लावला. दोनदा बघितलं. मग म्हणाल्या, "हिचा अंगठा नीट फिरत नाही. मध्येच उचलतेय." बाकी त्यांना काही नवल वाटलं नाही. तांदळासारखा दिसणारा एक पास्ता असतो, ओर्झो, त्याचा अर्थ इटालियनमध्ये जव. आपण गव्हापासून गव्हले म्हटलं, त्यांनी जवावरून ओर्झो म्हटलं. दाण्यापासून पीठ करायचं आणि पिठापासून पुन्हा खोटा दाणा करायचा, हा उद्योग दोन टोकांच्या बायकांना का सुचला असेल, देव जाणे. उन्हाळ्याच्या लांब दुपारी, दुसरं काय.

पेन्नेची गंमत वेगळी. पेन्ने म्हणजे लेखण्या. पिसाची लेखणी तिरकी कापतात तशी ही नळी तिरकी कापलेली. १८६५ साली जिनोव्हाजवळच्या जोव्हान्नी बात्तिस्ता कापुर्रो नावाच्या पास्तावाल्यानं असा तिरका काप न चुरगळता घेणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. मी हे जेवताना सांगितलं तर सासूबाईंनी एक पेन्ने चिमटीत धरली आणि त्यांना बोरू आठवला. त्यांचे वडील शाळामास्तर, बोरू स्वतः तासून द्यायचे, टोकाला असाच तिरका काप. "फक्त याला चीर नाही," त्या म्हणाल्या. मुलाला बोरू म्हणजे काय ते सांगण्यात पुढची दहा मिनिटं गेली. तिरक्या कापाचा स्वयंपाकातला फायदा म्हणजे तोंड रुंद होतं आणि सॉस आत शिरतो. बेक करायला म्हणूनच पेन्ने बरी. स्पॅगेटी बेक करायच्या भानगडीत मी पडले होते, वड्या पडत नाहीत, लोकरीचा गुंता होतो.

पाकीट घेताना मात्र मागची बारीक अक्षरं वाचावीत. मैद्याचा सुटा पास्ता स्वस्त मिळतो, पण तो भिजवला की लगदा. डुरम गव्हाचा रवा असेल तरच भिजवायच्या फंदात पडावं. इटलीत तर वाळवलेला पास्ता डुरमचाच हवा असा १९६७ पासूनचा कायदा आहे. डुरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू, ज्याचा पिवळसर रवा आपण शिऱ्याला, उपम्याला आवर्जून शोधतो. त्याचा दाणा काचेसारखा कडक, प्रथिनं भरपूर. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं डुरमचे बरेच वाण काढले आहेत. त्यांच्या एमएसीएस ४०२८ या वाणात सुमारे १४.७ टक्के प्रथिनं आहेत. हे सगळं मला ठाऊक असायचं कारण एवढंच की मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी गहू हा विषय घेतला होता आणि प्रकल्प आदल्या रात्री मी लिहिला होता.

आता सॉसकडे.

लाल सॉससाठी कुकर. सहा-सात टोमॅटो, दोन कांदे, सात-आठ लसूणपाकळ्या आणि लाल भोपळ्याची एक जाड फोड, तीन शिट्ट्या, गार झालं की मिक्सर. हे मी मंगळवारी रात्री करून फ्रिजमध्ये टाकते. लाल भोपळ्याची भानगड जुलै २०२३ मधली. टोमॅटो शंभरी ओलांडून दीडशेच्याही पुढे गेले होते. जुन्नर-नारायणगावकडच्या शेतकऱ्यांना त्या हंगामात चार पैसे मिळाले म्हणून बरं वाटत होतं, पण किलोभर टोमॅटो घेताना हात थरथरायचा. तेव्हा अर्धे टोमॅटो, अर्धा भोपळा, थोडं गाजर आणि आंबटपणाला चिंचेचा कोळ असा सॉस केला. कुणालाही कळलं नाही. टोमॅटो उतरले, भोपळा राहिला. मुलगा भोपळ्याची भाजी ताटात दिसली तरी उठून जातो, आणि दर बुधवारी पाव किलो भोपळा खातो. त्यानं हे वाचू नये अशी आशा आहे.

फोडणी म्हणजे तेलात थोडं तिखट आणि ओरेगॅनो. ओरेगॅनोची बाटली आमच्याकडे नाही, कुठल्याच घरात नसावी. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांचा खण असतो. आमचा खण इतका भरलाय की माझ्या निवृत्तीपर्यंत पुरेल.

पांढऱ्या सॉसला लोक उगाच घाबरतात. ज्याला पिठलं येतं त्याला व्हाइट सॉस येतो. गुठळी होऊ न देणं ही एकच विद्या, आणि ती आपल्याला परकरातच शिकवलेली असते. तीन चमचे लोणी, तीन चमचे मैदा, सहाशे मिलिलिटर दूध. लोणी वितळलं की मंद आचेवर मैदा परतायचा. बेसनाच्या लाडवासारखा खमंग भाजायचा नाही, फक्त कच्चा वास जाऊ द्यायचा. मग गॅस बंद, आणि फ्रिजमधलं गार दूध एकदम न ओतता तीन वेळा. गरम पिठावर गार दूध पडलं की मैद्याला गडबडीत गोळा व्हायला वेळ मिळत नाही, तो सावकाश सुटा होत विरघळतो. पहिल्या दुधाला भयंकर दिसतं, खळ लावल्यासारखं. घाबरायचं नाही. दुसऱ्या दुधाला सैल होतं, तिसऱ्याला पातळ. मग पुन्हा गॅस, आणि एक उकळी येईपर्यंत ढवळायचं, कारण उकळी आल्याशिवाय ते पुरतं दाटत नाही. माझ्याकडे तारांचा व्हिस्क नव्हता तेव्हा मी ताकाची छोटी रवी वापरली, आणि आता व्हिस्क आहे तरी रवीच वापरते. दोन तळहातांत रवी फिरवत मी व्हाइट सॉस घुसळते तेव्हा मुलगी म्हणते, "आई, तू इटलीची यशोदा दिसतेस."

शेवटी मीठ, मिरपूड आणि किसणीवर दोनदा ओढलेलं जायफळ. हे माझं डोकं नाही, इटलीतही या सॉसला जायफळच लागतं. पहिल्यांदा घातलं तेव्हा सासूबाई हॉलमधून विचारत्या झाल्या, "श्रीखंड केलंयस का?" जायफळ म्हटलं की आपल्याला श्रीखंड, पुरण, किंवा झोप न येणाऱ्या बाळाला सहाणेवर उगाळून दिलेली मात्रा. मैदा-दुधाच्या कोमट, काहीशा अळणी वासात ते पडलं की सॉस एकदम कुणाच्यातरी घरातला होतो.

मग जुळवणी. रोळीतला भिजका पास्ता गरम लाल सॉसमध्ये दोन मिनिटं परतायचा. सॉस वाटतो त्यापेक्षा पातळ हवा, आमटीएवढा, कारण पास्ता अजून पिणार असतो. स्टीलचा जुना चौकोनी डबा आमचं भांडं, काचेचं पुन्हा घेतलं नाही. तळाला थोडा पांढरा, मग पास्ता, मटार, मक्याचे दाणे, असेल तर ढोबळी मिरची, वर उरलेला सगळा पांढरा. आणि चीज. किसायचं काम मुलाकडे, चारातला एक क्यूब किसणीपर्यंत पोचत नाही हे गृहीत धरलेलं. आपलं नेहमीचं क्यूबचं चीज प्रोसेस केलेलं असतं. ते गुळगुळीत वितळतं, खारट गोडी देतं, पण तार धरत नाही. तार हवी तर मोझरेला. दोन्ही मिसळून घातलं की मुलांचे रील आणि माझी जीभ दोन्ही खूश.

ॲल्युमिनियम फॉइल लावून दोनशे अंशांवर पंचवीस मिनिटं, खालच्या-वरच्या दोन्ही सळ्या. मग फॉइल काढून फक्त वरच्या सळीवर सात-आठ मिनिटं.

या वरच्या आगीशी माझी ओळख जुनी आहे. माझं आजोळ राजापूरकडचं. आजी पावसाळ्यात मोठ्या जून काकडीचं धोंडस करायची. तवली चुलीवर, वर झाकण आणि झाकणावर निखारे. खाली विस्तव, वर विस्तव. आम्ही पोरं भोवती बसून असायचो आणि तिचं लक्ष झाकणावर. निखारा राखेनं झाकला की चिमट्यानं हलवायची, फुंकर घालायची. काकडी, रवा, गूळ, बाकी सगळी जादू झाकणाची. गोव्यात बिबिंकाचा एकेक थरही असाच वरच्या आगीवर भाजत जातात. ओटीजीच्या काचेतून वरची सळी लाल झालेली दिसते आणि चीजवर पहिला तपकिरी ठिपका उठतो, तेव्हा माझ्या नाकाला गुळाचा वास येतो. ओव्हन नसेल त्यानं जाड बुडाची कढई तव्यावर ठेवून झाकण मारावं, पास्ता उत्तम शिजतो. फक्त वरचा रंग येत नाही, आणि निखारे झाकणावर ठेवायची सोय फ्लॅटमध्ये नाही.

तर पावणेआठला मी घरात, आठला भांडं ओव्हनमध्ये. आणि मग ती तेहतीस मिनिटं. त्यात काय करायचं हे मला पहिले काही बुधवार कळतच नव्हतं. मी ओव्हनसमोर उभी राहायची, जणू तोही म्हणेल, "अर्धी आण गं अजून." हळूहळू सवय झाली. मी आंघोळ करते. मुलगी भूमितीतलं प्रमेय घेऊन येते, तेही आम्ही दोघी सोडवू शकत नाही. नवरा काकडीची कोशिंबीर करतो, दाण्याचं कूट जास्त घालून. एकदा मी नुसतीच गॅलरीत बसले होते. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एका खिडकीत एक बाई तव्यावर पोळी फुगवत होती. तिच्या मागे ट्यूबलाइटमध्ये टेबल दिसत होतं, टेबलावर तीन पाठी. तिनं पोळी टाकली, वळली, परत आली. मी मोजत बसले. अकरा झाल्या.

आम्ही मात्र साडेआठला पाचही जण एकदम बसतो. पोळपाटावर भांडं मधोमध. दहा मिनिटं तसंच ठेवायचं असतं, नाहीतर वड्या पडत नाहीत, आणि ही दहा मिनिटं सगळ्यांत गोंगाटाची. कोपरा कुणाचा यावरून भांडण होतं. चौकोनी डब्याला कोपरे चार आणि खाणारे पाच. पूर्वी मला वाटायचं जेवताना बोलायची सवय आमच्या घरात नाही. सवय होती, मीच तिथे नव्हते. मुलाला वर्गात कुणी तरी "जाड्या" म्हणतं हे मला एका बुधवारी कळलं, आणि नवऱ्याला आधीच ठाऊक होतं. त्यानं पूर्वीच्या एखाद्या पोळ्यांच्या बुधवारी जेवताना सांगितलं असणार, मी तव्यापाशी असताना.

सासूबाईंना पास्ता आवडत नाही. हे स्पष्ट लिहिलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की शेवटी त्याही पाघळल्या. त्यांच्यासाठी सकाळचा भात आणि ताक असतं. पास्त्याची एक वडी त्या "चव म्हणून" घेतात, बाजूला लिंबाचं लोणचं घेतात, आणि "यात काही जीव नाही बाई, हिंग नाही की मोहरी नाही," असं म्हणून संपवतात. एकदा मी वरून कढीपत्ता-मोहरीची फोडणी ओतून दिली होती. म्हणाल्या, "आता तर काहीच कळत नाही काय आहे ते." चूक माझीच होती. त्या तक्रार करत होत्या, दुरुस्ती मागत नव्हत्या.

मागच्या बुधवारी जेवणं झाली, मुलं उठली, नवरा ताटं गोळा करायला लागला. मी बसूनच होते, पाय खुर्चीवर घेऊन. सासूबाई उठल्या, ओट्यावरून उलथणं आणलं आणि रिकामा डबा पुढ्यात ओढला. डब्याच्या कडांना आणि कोपऱ्यांना चीज, सॉस आणि पास्त्याची टोकं चिकटून काळपट-तांबूस झाली होती. पिठल्याच्या कढईला लागते तशी. त्यांनी उलथणं तिरकं धरलं, बोरूसारखं, आणि एका दमात कडेची लांबलचक पट्टी खरवडून काढली. मग दुसरी. कर्र, कर्र. अर्धी माझ्या पुढ्यात टाकली, अर्धी स्वतः तोंडात. कुरकुरीत, खारट, किंचित कडू.

"खरवड टाकू नये," त्या म्हणाल्या. थोडा वेळ चावत राहिल्या, डबा उजेडाकडे तिरका करून आतले चारही कोपरे तपासले.

"पुढच्या बुधवारी वरच्या सळीवर जरा जास्त ठेव गं. या कडेला नीट लागलंच नाहीये."